आधी गार, मग गाडी

या वर्षीच्या चैत्रात आमच्या नाथाची सासनकाठी तानाजीचा मुलगा खांद्यावर घेणार, असं देवळात ठरलं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेना. चहा समोर येतो आणि निवून जातो. पेपर उघडतो आणि त्याच पानावर राहतो. याच काठीखाली त्या पोराचा बाप गेला होता. त्या मरणाचा दोष गावानं एका माणसाच्या माथी मारला. तो माणूस आता नाही. खरं काय घडलं ते सांगू शकेल असा मीच उरलो आहे, आणि मीही सत्तरी केव्हाच ओलांडली आहे.

पण नुसतं त्या दिवसाचं सांगून भागणार नाही. आधी तो माणूस कसा होता ते सांगायला हवं. नाहीतर त्या दिवशी आम्ही त्याला हसलो कसे, हे कुणाला कळणार नाही.

त्यांना नाव होतं, पण ते रेशनकार्डावर. गाव त्यांना सुभेदार म्हणे. कुंडलच्या अलीकडं-पलीकडं कुठल्याही गावात जा, फौजेतून आलेली माणसं गल्लीला दोन-चार सापडतात. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कुणी द्राक्षबाग लावतो, कुणी पारावर बसून त्याच त्या लढाया सांगतो. सुभेदारांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी उन्हाशी वैर धरलं.

होळी झाली की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची. गळ्यात ओला पंचा. तो ते पिळत नसत, त्यामुळं सुभेदार कुठून कुठं गेले ते धुळीतल्या थेंबांवरून कळायचं. पाठीवर औषध मारायचा पंप. त्यात औषध कधीच नसे. तरी एकदा कुणाच्या तरी अंगावर त्यांनी फवारा मारला आणि त्या गड्याच्या बायकोनं विष मारलं म्हणून बोंब ठोकली, तेव्हापासून पंपावर लाल रंगात लिहिलं होतं, 'फक्त पाणी'. हा असा माणूस भर दुपारी, जेव्हा शहाणी माणसं घोंगड्यावर आडवी झालेली असतात, तेव्हा हळद शिजवायच्या कढईपाशी, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात उगवायचा. मुकादम लोकांना तो पोलिसापेक्षा नकोसा. पोलिसाचं काहीतरी करून समाधान करता येतं.

आणि तो प्रश्न.

"काय गुरुजी, सकाळची कशी झाली?"

मी शिक्षकाची नोकरी संपवून गावी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एसटी स्टँडवर हे विचारलं. मला वाटलं, प्रवासाचं विचारतात.

"काय कशी झाली?"

"लघवी वं. लिंबू सरबतावानी का चहावानी?"

आजूबाजूला माणसं होती. माझे दोन जुने विद्यार्थी होते. मी काहीतरी पुटपुटलो. सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "सरबत चालंल. चहा चालायचा न्हाई. चहा असंल तर आज शेताकडं जायचं न्हाई."

हे ते सगळ्यांना विचारत. लग्नात, मयतीत, किराणा दुकानाच्या रांगेत. गावानं त्यावर तोड काढली होती. सुभेदार लांबून दिसले की माणसं हात वर करून ओरडत, "सरबत, सुभेदार, सरबत!" आणि दुसऱ्या बोळानं सटकत. बायकांना ते स्वतः विचारत नसत. ते काम त्यांनी बायकोवर सोपवलं होतं. ती माउली शेजारणींना हळूच म्हणायची, "सगळ्यांची सरबत म्हणून सांगते बायांनो, तवा कुठं जेवाय बसत्यात."

एकदा गावात कसल्याशा उद्घाटनाला तालुक्याचे मोठे साहेब आले होते. मांडवात पंखा एकच, तोही आवाज करणारा. सुभेदार व्यासपीठावर चढले आणि त्यांनी साहेबांच्या कानाला लागून तोच प्रश्न विचारला. आम्ही कपाळावर हात मारला. साहेब आधी लाल झाले, मग विचारात पडले, मग खरं ते बोलले, "चहा." सुभेदारांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "साहेब आज भाषान करणार न्हाईत. त्यास्नी पाणी द्या." त्या दिवसासारख्या टाळ्या त्या मांडवात पुन्हा वाजल्या नाहीत.

खिशातला कांदा त्यांना खपत नसे. उन्हातान्हाचा निघालेला माणूस आमच्याकडं खिशात कांदा ठेवतो, ऊन बाधत नाही म्हणून. सुभेदार तो कांदा मागून घेत, तिथंच मुठीनं फोडत आणि खात. खाता खाता सांगत, "कांदा भाकरीसंगं असतोय. खिशात ठिवून ऊन भ्या घेत न्हाई." समोरच्याचा कांदाही गेला आणि वर उपदेशही मिळाला. भांडणं व्हायची.

हे वेड कुठून आलं याच्या गावात निरनिराळ्या कथा होत्या. कुणी म्हणे राजस्थानात त्यांच्या डोळ्यांदेखत एक शिपाई गेला. कुणी म्हणे यांनाच वाळवंटात ऊन लागलं आणि ते डोक्यातून उतरलंच नाही. मी एकदा सरळ विचारलं. "इस्तव भाजतोय हे सांगाय कारन लागतंय व्हय गुरुजी?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले. उन्हाळ्यात ते बोलता बोलता असेच उठून जात. समोरचा माणूस वाक्यातच राहायचा.

आता एक खरं सांगतो. त्यांचं प्रत्येक वेळी बरोबर येई असं नाही. त्यांच्यावर नंतर जे झालं त्याला याचाही हातभार लागला. एका लग्नात नवरदेवाचा मामा मांडवाच्या खांबाला धरून झुलत होता, जीभ जड झाली होती, डोळे तांबडे. सुभेदारांनी पंप उघडला आणि मामाला फेट्यापासून बुटापर्यंत भिजवलं. वर बादली ओतली. मामाला उन्हानं काही झालं नव्हतं. मामा सकाळपासून गोठ्यामागं बाटली घेऊन बसला होता. गार पाण्यानं तो शुद्धीवर आला आणि त्यानं सगळ्या वऱ्हाडासमोर सुभेदारांच्या थोबाडीत दिली. सुभेदारांनी गाल चोळला आणि विचारलं, "आज वार कुठला?" मामानं वार बरोबर सांगितला. "मग बरा हाय ह्यो," म्हणाले आणि जेवायला बसले.

त्या थोबाडीचा आवाज गाव विसरलं नाही. त्यानंतर सुभेदारांनी कुणाकडं बोट दाखवलं की माणसं आधी हसत.

मीही हसायचो. मला खरं तर हसायचा हक्क नव्हता, कारण मी साताऱ्याला बघितलं होतं.

पेन्शनच्या कामासाठी मी साताऱ्याला निघालो होतो. सुभेदारांचंही तिथं काही काम होतं, म्हणून बरोबर गेलो. काम उरकून रिक्षा शोधत होतो, तर कडेच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं पळत होती. उन्हं चांगलीच चढली होती. सुभेदार तारेच्या कुंपणापाशी थांबले ते हलेनातच. मी म्हटलं, "चला, गाडी चुकेल."

"त्यो बघा. हसतोय."

एक पोरगा शेवटून पळत होता आणि खरंच हसत होता. समोर कुणी नसताना. मग तो रेघ सोडून आडवा पळायला लागला आणि एका झाडाशी जाऊन त्याच्याशी बोलायला लागला. शिकवणारा मास्तर ओरडला, "नाटकं करतंय!" सुभेदार कुंपणाखालून आत घुसले. पोरगा घामानं निथळत होता. मास्तर म्हणाला, "आवं, घाम आलाय की त्याला. ऊन लागलेल्याला घाम येतो का? कोरडा पडतो तो."

"घामावर जाऊ नगा," सुभेदार म्हणाले. "बोलण्यावर जावा. पळून पळून ऊन लागलं की घाम असतोय बी." आणि त्या पोराला विचारलं, "गड्या, तुझ्या म्हशीचं नाव काय?"

पोरगा म्हणाला, "दहावी पास."

झालं. त्यांनी त्याला सावलीत ओढलं, बूट-बनियन उतरवलं आणि मैदानावर पाणी मारायला आणलेल्या टँकरचा पाईप त्याच्यावर सोडला. दोन पोरांना शर्ट काढून वारा घालायला लावलं. कुणीतरी सरबतवाल्याकडून बर्फ आणला, तो फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत. कुणी तोंडात पाणी घालायला गेलं, त्याचा हात त्यांनी झटकला. "शुद्धीत न्हाई त्यो. छातीत जाईल." मास्तर सारखा म्हणत होता, आधी दवाखान्यात नेऊ, रिक्षा उभी आहे. सुभेदार मान वर न करता म्हणाले, "आधी गार, मग गाडी. रिक्षात त्येचं आंग आनखी शिजंल."

बऱ्याच वेळानं पोरानं डोळे नीट उघडले आणि विचारलं, "माझा नंबर कितवा आला?" मग त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. परतीच्या एसटीत सुभेदार खिडकीशी बसून झोपले. उन्हाळ्यात त्यांना असं निवांत बसलेलं मी तेवढंच बघितलं.

म्हणजे मला ठाऊक होतं. ही गोष्ट मी मुद्दाम आधी लिहिली आहे.

आमच्या नाथाची यात्रा चैत्रात, भर दुपारी. सासनकाठी म्हणजे रंगीत फेटे गुंडाळलेला उंच कळक, चहूबाजूंनी दोर लावून तोललेला. ती एकाच घराण्याच्या गड्यानं खांद्यावर घ्यायची, हलगीच्या तालावर नाचवत गावाला फेरी घालायची आणि देवळात परत आणायची. तोवर त्यानं पाणी तोंडाला लावायचं नाही. पाणी प्यायला तर काठी विटाळते. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. माझ्या आज्याच्या वेळीही होता.

त्या वर्षी मी यात्रा कमिटीचा अध्यक्ष होतो. बैठकीत सुभेदार उभे राहिले. "काठी सकाळी काढा. न्हाईतर दर वळणाला पाणी पाजा."

"सुभेदार," मी म्हणालो, "हा नाथाचा उत्सव आहे. तुमची पलटण नव्हे."

लोक हसले. मला बरं वाटलं. शिक्षकाला वर्ग हसला की बरं वाटतं.

काठी तानाजीकडं होती. तालमीत घुमलेला गडी, नुकताच बाप झालेला. त्याच्या बापाच्या अंगात नाथाचं वारं यायचं, हे गावाला माहीत. खालच्या आळीच्या चढाला तानाजीची पावलं हलगीच्या उलट पडायला लागली. मग तो हसायला लागला. मग मान टाकून काहीबाही बोलायला लागला, "दावं सोडा, दावं सोडा." आणि एका म्हातारीनं किंकाळी फोडली, "वारं आलं! पोराच्या अंगात वारं आलं!"

हलगी दुप्पट झाली. भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालं. बायका पुढं होऊन त्याच्या पायावर डोकं ठेवायला लागल्या. एकीनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "नाथ लय तापलाय गं." तरी आम्हांला कळलं नाही. गर्दी त्याच्याभोवती घट्ट होत गेली, वारा शिरायला जागा राहिली नाही.

सुभेदार पंपासकट गर्दीत घुसले. "वारं न्हाई त्ये! ऊन हाय! बाजूला व्हा!" कुणी त्यांना धरलं. ते माझ्याकडं बघून ओरडले, "गुरुजी, त्याला म्हशीचं नाव इचारा! येवढंच इचारा!"

सगळे हसले. देव अंगात आलेल्याला म्हशीचं नाव विचारा म्हणे. मी दोन गड्यांना खूण केली. त्यांनी सुभेदारांना काखेत धरून गर्दीबाहेर काढलं. पंपाचा पट्टा तुटला आणि पाणी रस्त्यावर सांडलं.

मी विचारलं नाही. हाताच्या अंतरावर होतो. साताऱ्याचं मैदान डोळ्यांपुढं येऊन गेलं, हेही आज लिहून ठेवतो. पण मी अध्यक्ष होतो, काठी अर्ध्यात होती, आणि देव अंगात आला यासारखी यात्रेला शोभा नसते.

तानाजी कोसळला आणि हातपाय झाडायला लागला. दोरवाल्यांनी काठी कशीबशी सावरली. कुणी फेफरं म्हणून त्याच्या नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा. कुणी तोंडात पाणी ओतलं, ते घशात घरघरलं. तेवढ्यात सुभेदार सुटून आले. पुढं जे झालं ते एवढ्या झटक्यात झालं की कुणी अडवायच्या आत त्या म्हाताऱ्या माणसानं तालमीतल्या गड्याला बगलेला धरून फरफटत नेलं आणि चावडीजवळच्या जनावरांच्या हौदात उतरवलं. गळ्यापर्यंत पाण्यात. एका हातानं डोकं वर धरलं, दुसऱ्यानं पाणी ढवळत राहिले. अंगात देव आलेला माणूस म्हशींच्या पाण्यात.

झटके थांबले. थोड्या वेळानं तानाजीनं डोळे उघडले.

"तानाजी, तुझ्या म्हशीचं नाव काय?"

त्याचे ओठ हलले. "चंद्री."

मी हौदाच्या काठावर होतो. मला स्वच्छ ऐकू आलं. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. "ऐकलं न्हवं? आजून ठिवू. आंग आजून कडक हाय."

तोवर जीप आली होती आणि हॉर्न वाजवत होती. मागून म्हातारी माणसं ओरडत होती, "तापल्या अंगावर गार पाणी! छाती भरंल त्येची! मारतंय म्हातारं पोराला!" हे आमच्याकडं सगळेच मानतात. लहानपणी माझ्या आईनंही मला उन्हातून आल्यावर पाण्याला हात लावू दिला नव्हता. मी म्हणालो, "बास करा सुभेदार. काढा त्याला."

"आजून न्हाई गुरुजी. आधी गार..."

आम्ही चौघांनी ओढला. सुभेदार सोडेनात. त्यांची बोटं मी उकलली. एकेक करून, माझ्या हातांनी. मग ओल्या तानाजीला वारा लागू नये म्हणून मानाच्या शालीत गुंडाळलं, जीपच्या काचा लावल्या आणि निघालो. वाटेत त्याचं अंग पुन्हा पेटलं. पुन्हा झटके आले. तो दुसऱ्या दिवशी गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "याला कुणी पाण्यात ठेवलं होतं का?" मी म्हटलं, हो. "शहाणा माणूस. त्याच्यामुळंच इथपर्यंत आला. अजून थोडा वेळ ठेवायला हवा होता."

गावात परतलो तेव्हा देवळापुढं माणसं बसली होती. निकाल आधीच लागलेला होता, माझ्याकडून फक्त हो ऐकायचं होतं. "गुरुजी, पाण्यानंच न्हवं?" मी म्हणालो, "पाण्याचा धसका बसला असणार." एवढंच. ते एक वाक्य गावानं उचललं आणि सुभेदारांच्या दारात नेऊन टाकलं.

त्यांच्यावर कुणी बहिष्कार घातला नाही. नुसतं कुणी लग्नाचं आमंत्रण देईना, कुणी पारावर सरकून जागा देईना. दर यात्रेला तानाजीची बायको, सुरेखा, त्यांच्या दारात उभी राहून तळतळाट द्यायची. सुभेदार उंबऱ्यात उभे राहून सगळं ऐकून घेत. ती दमली की म्हणत, "पोरी, उन्हाची आलीयास, पाणी पी." ती थुंकून निघून जायची.

मला ते एकदाच बोलले. ओढ्याच्या वाटेला गाठ पडली. "गुरुजी, तुमी ऐकलं हुतं न्हवं?"

मी म्हणालो, "काय?"

"काय न्हाई," ते म्हणाले आणि चालायला लागले.

त्यानंतर यात्रा उरकली की उन्हाळाभर ते गावात थांबत नसत. लोणंदच्या बाजारात हमालांमागं फिरतात, कुणाकुणाला पाणी मारतात, असं कानावर यायचं. तिथंही लोक हसत असतील. दोन वर्षांपूर्वी थंडीत, झोपेत गेले. मयतीला माणसं बेताचीच होती. मी गेलो होतो. मागं उभा राहिलो.

आणि इतकी वर्षं चुलत्यानं पेललेली काठी आता तानाजीच्या पोरावर आली.

मी सुरेखाकडं गेलो आणि वरचं सगळं तिला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. फोडतच राहिली. डॉक्टरचं सांगून झालं तेव्हा तिचे हात थांबले. "मग येवढी वर्सं मी कुणाच्या दारात शिव्या घातल्या?" तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "मला एकटीला सांगून भागायचं न्हाई," ती म्हणाली. "देवळात सांगा. मी येते."

देवळात सांगितलं. आता अध्यक्ष माझाच जुना विद्यार्थी आहे. तो आदरानं म्हणाला, "गुरुजी, जुनं झालं ते. तुमचं बी वय झालं. कशाला तरास करून घेताय?" दुसरा कुणी हळूच म्हणाला, "गुरुजींनाच ऊन लागलंय," आणि लोक हसले. मला त्या हसण्याची जात ओळखू आली.

सुरेखा मागं, बायकांत उभी होती. ती गाभाऱ्याकडं बोट करून बोलली. "नाथाच्या पिंडीवर काय टांगलंय त्ये?"

पिंडीवर गळती होती. चैत्र लागला की आमच्याकडं पिंडीवर भोकाचं तांब्याचं भांडं टांगतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं, देवाला ऊन बाधू नये म्हणून.

"दगडाच्या देवाला ऊन लागतंय," ती म्हणाली, "आन् माज्या मानसाला लागत न्हवतं व्हय? काठी माज्या घरची हाय. पाणी पिऊन निघंल. न्हाईतर दुसरं घर बघा."

बरीच कुरबुर झाली. शेवटी दर वळणाला पाणी ठरलं. काठी सकाळी काढायचं मात्र 'बघू' वर राहिलं. मी तेवढ्यावर समाधान मानून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तानाजीचा मुलगा दोरवाल्या पोरांना घेऊन माझ्या दारात आला. बापाचा चेहरा घेऊन आला आहे, त्याच्याकडं बघायला मला अवघड जातं. म्हणाला, "गुरुजी, पाण्याचं कळलं. पण काठी दुपारीच निघाली आन् पडलाच कोन, तर करायचं काय? तुमी दोनदा बघितलंय. आमाला दाखवा."

मी सांगायला लागलो आणि दोन वाक्यांत संपलो. पाणी किती वेळ, कधी थांबायचं, अंग निवलं हे कुठं हात लावून बघायचं? साताऱ्याला मी गाडी चुकेल म्हणून घड्याळ बघत होतो. चावडीजवळ मी ओढून काढायच्या घाईत होतो. दोन्ही वेळा बघितलं असं म्हणायचं, पण बघितलं नव्हतं.

"सुभेदारांच्या घरी चला," मी म्हणालो.

त्या उंबऱ्याच्या आत मी कितीतरी वर्षांनी पाऊल टाकलं. काकींच्या, म्हणजे सुभेदारांच्या बायकोच्या, कानावर देवळातलं गेलं होतंच. त्या मला 'या'सुद्धा म्हणाल्या नाहीत. पोराचं सगळं ऐकून घेतलं.

"दावते की," त्या म्हणाल्या. "दर साली होळी झाली की मलाच निजवायचं ते. म्हनायचं, तू पेशंट, मी उजळणी करतो. सगळा जलम भिजण्यात गेला माजा." पोरं हसली. त्याही जरा हसल्या. मग अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडं बघितलं. "पर आता माजी हाडं त्या दगडावर टेकत न्हाईत. निजणार कोन?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. काकी माझ्याकडं बघत होत्या.

"गुरुजी, सदरा काढा."

मी सदरा काढला. त्या वयात, त्या अंगणात, पोरांसमोर. दगडावर आडवा झालो. काकींनी जुनं लुगडं भिजवून माझ्या अंगावर टाकलं आणि वर कळशी ओतली. दोन पोरांना सुपं दिली. "वारं घाला. जोरात. नुसतं पाणी न्हाई, पाणी आन् वारं दोनी पायजे. लुगडं तापलं की बदला, न्हाईतर त्येच घोंगडं हुतंय. बर्फ मिळाला तर हितं काखंत, हितं मानंला, जांगंत. तोंडात कायबी घालायचं न्हाई. एकानं डोस्क्याशी बसून सारखं बोलत ऱ्हायचं. आन् छातीवर हात ठिवून बघायचं, हातावर न्हाई, हात लवकर निवत्यात." तानाजीच्या मुलानं माझ्या छातीवर तळवा ठेवला. भिंतीवरून शेजारी डोकावायला लागले होते. गल्लीतून कुणी कुणाला हाक मारत होतं, बघा, बघा, गुरुजींना काय झालंय.

दुसरी कळशी आली, मग तिसरी. माझे दात वाजायला लागले. पोरांना समजलं असेल, मला वाटलं.

"काकी, झालं की आता," मी म्हणालो आणि कोपरावर उठायला गेलो. "उठू?"

त्यांनी मला खांद्याला धरून परत दगडावर दाबलं. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"हालायचं न्हाई. गार झालं का न्हाई, त्ये तुमी ठरवायचं न्हाई."